पहिल्या वर्षाच्या हाती काय द्यायचे?

राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या की महाविद्यालयांत स्वागत समारंभांचे पर्व सुरू होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये तीन आठवड्यांच्या उद्बोधन कार्यक्रमाची आखणी केली आणि या स्वागताला अधिकृत चौकट लाभली. अलीकडे त्यात 'संशोधन' आणि 'उद्योजकता' या दोन शब्दांचीही भर पडली आहे. एखादा यशस्वी माजी विद्यार्थी येतो, आपली वाटचाल सांगतो, टाळ्या पडतात. त्यानंतर मात्र विद्यार्थी वर्कशॉपमधील जॉब, ड्रॉइंगच्या शीट आणि जर्नल यांच्या चक्रात अडकतो तो थेट अंतिम वर्षापर्यंत.

हा विद्यार्थी कोठून आलेला असतो, याचा विचार येथे आवश्यक ठरतो. दहावीनंतरची दोन वर्षे त्याने सीईटी आणि जेईईच्या तयारीत घालवलेली असतात. प्रश्न दुसऱ्याने विचारायचा, उत्तर चार पर्यायांपैकी एक असणार आणि ते ठरलेल्या वेळेत शोधायचे, हीच त्याची ज्ञानाविषयीची कल्पना बनते. संशोधनाची सुरुवात नेमकी उलट्या टोकाने होते. तेथे प्रश्न स्वतः शोधावा लागतो आणि उत्तर असेलच याची खात्री नसते. उद्योजकतेचेही तेच. कोणाची कोणती अडचण सोडवायची, हे आधी ओळखावे लागते. प्रश्न हेरण्याची सवय हा दोहोंचा समान पाया असून तो व्याख्यानातून घातला जात नाही.

धोरणांची वानवा नाही. परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवीचे एकूण श्रेयांक १६० पर्यंत खाली आणले, ते विद्यार्थ्यांना स्वतःच्या कामासाठी अवकाश मिळावा म्हणूनच. त्याच वर्षी शिक्षणसंस्थांमध्ये नवोन्मेष परिषदा स्थापन होऊ लागल्या. २०१९ च्या राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरणाने तर अंतिम वर्षाच्या प्रकल्पाऐवजी स्वतःचा नवउद्योग सादर करण्याची मुभा देण्यास संस्थांना सांगितले. तरीही अनेक ठिकाणी परिषदेचा फलक लागतो, अहवाल भरला जातो आणि अंतिम वर्षाचा प्रकल्प बाजारातून तयार आणला जातो.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातीलच दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम एक किलो वजनाचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी 'इस्रो'च्या प्रक्षेपकाने अवकाशात नेला. मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला झेपावला. या यशाचे कौतुक पुष्कळ झाले, पण एका तपशिलाकडे दुर्लक्ष झाले. 'स्वयम्'चे काम सुमारे आठ वर्षे चालले, 'प्रथम'चे सुमारे नऊ. पदवीचा अभ्यासक्रम असतो चार वर्षांचा. म्हणजे ज्यांनी आरंभ केला ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडले होते. अंतिम वर्षाची मुले हे काम एकट्याने करूच शकली नसती. दरवर्षी नवी मुले आली, मोठ्यांच्या हाताखाली शिकली, चुका समजून घेतल्या आणि काम पुढच्यांच्या स्वाधीन करून गेली, म्हणूनच ते तडीस गेले.

अमेरिकेतील एमआयटीने हे सूत्र १९६९ मध्येच ओळखले. मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने तेथे पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सहभागी करून घेण्याचा उपक्रम सुरू झाला. या कामाबद्दल विद्यार्थ्याला श्रेयांक किंवा मोबदला मिळतो. काम फावल्या वेळेचा छंद मानले जात नाही, हे महत्त्वाचे.

उद्योजकतेलाही असाच धीर लागतो. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेली आणि तेथील 'साइन' या केंद्रात वाढलेली 'आयडियाफोर्ज' ही ड्रोन बनवणारी कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली ती २०२३ मध्ये. सोळा वर्षांची ही वाट तीन आठवड्यांच्या कार्यक्रमात उमगणे अवघड आहे. शिवाय शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या मुलाला नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा, असे ऐकवणे सोपे; अपयशाची किंमत मात्र त्याच्या घराला मोजावी लागते. म्हणूनच प्रत्येकाने कंपनी काढण्याची गरज नाही. गरज आहे ती अडचणीकडे संधी म्हणून पाहण्याची आणि पैसा पणाला न लावता चुकण्याची सोय असण्याची. ती सोय महाविद्यालयातच होऊ शकते.

त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आठवड्यातून दोन तास अंतिम वर्षाच्या एखाद्या गटाबरोबर काम करता यावे आणि त्याला श्रेयांक मिळावेत. प्रकल्प दरवर्षी कपाटात बंद न होता पुढच्या तुकडीकडे सोपवला जावा. फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक नोंदही गुणांस पात्र ठरावी. अर्थात, मार्गदर्शनाला पुरेसे आणि कायम शिक्षक नसतील तर यांतले काहीच टिकणार नाही. रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील नेमणुका यांवर विसंबून संशोधनाची परंपरा उभी राहत नसते. उद्बोधन कार्यक्रमाचे यश किती पाहुणे आले यावरून मोजण्याऐवजी, तो संपताना किती नव्या मुलांच्या हाती खरे, अपुरे राहिलेले काम आले, यावरून मोजले गेले पाहिजे.