‘कोकणात जांभी मृदा’ : उत्तर बरोबर, पण कोणत्या पायरीवर?

‘कोकणात कोणती मृदा आढळते?’ कोकणातल्या कुठल्याही शाळेत हा प्रश्न विचारा. सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ‘जांभी मृदा!’ आपण ‘शाब्बास’ म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. एक गुण पक्का होतो.

पण हे उत्तर देणारं मूल पेण, अलिबाग, पनवेल भागातल्या खाडीकाठच्या गावाचं असेल तर? त्याच्या घरामागे जांभा नसतो. तिथे असते काळपट राखी रंगाची चिकणमाती. पावसात ती पायातली चप्पल ओढून घेते आणि मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. रोज जिच्यावरून ते चालतं, त्या मातीचं नावच त्याच्या उत्तरात नाही. उत्तर बरोबर आहे, पण ते त्याच्या अंगणाचं नाही.

म्हणून मला वाटतं, मातीचा पाठ नकाशावरून नाही, हातापासून सुरू व्हायला हवा. आधी मुलांनी माती ओली करावी, मळावी, वाळवावी, मोजावी. नकाशा त्यानंतर. हे फक्त ‘आनंददायी शिक्षण’ म्हणून मी सांगत नाही. त्यामागे जमिनीचा प्रश्न आहे.

कोकण म्हणजे उतरत्या पायऱ्या

समुद्राकडे तोंड करून सड्यावर उभं राहिलं की कोकणची जमीन जिन्यासारखी उतरताना दिसते. सगळ्यात वर सडा, म्हणजे कातळ. तिथे माती बोटभर किंवा तीही नाही. त्याखाली डोंगरउतारावरची वरकस जमीन, नाचणी-वरीची. त्याखाली बांध घालून केलेली भातखाचरं. आणि तळाला खाडीला लागून खार किंवा खाजण. कुर्याट, मळे, पाणथळ, खाजण ही आपल्याकडच्या भातजमिनींची जुनी नावं. ती कोणी प्रयोगशाळेत ठेवली नाहीत, पण उंची, पाणी आणि मातीचा पोत पाहूनच ठेवली. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी मातीचं वर्गीकरण केव्हाच केलेलं होतं.

गंमत अशी की वरची लाल माती आणि खालची काळपट माती, दोघींचा मूळ खडक बहुतेक ठिकाणी एकच : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट. वरच्या पायरीवर मुसळधार पावसाने हजारो-लाखो वर्षं खडक धुतला. चुना, सिलिका असं विरघळणारं वाहून गेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं. तो जांभा. फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 मध्ये केरळच्या अंगाडीपुरमजवळचा हा दगड पाहून त्याला ‘लॅटेराइट’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. ओला असताना विटेसारखा कापता येतो आणि उघड्यावर कडक होतो, म्हणून हे नाव. आपल्या चिऱ्याच्या खाणीत मुलं हेच रोज बघतात.

वरून वाहून आलेला बारीक गाळ नद्यांनी खाडीत आणला, तिथे तो बसला आणि खालची पायरी तयार झाली. तो तिथेच का बसला, हे वर्गात दाखवता येतं. त्याकडे पुढे येते.

चिकणमाती म्हणजे नेमकं काय?

आपण मुलांना ‘बारीक माती म्हणजे चिकणमाती’ सांगतो. किती बारीक? 2 मिलिमीटरपासून 0.05 मिलिमीटरपर्यंतचे कण म्हणजे वाळू, त्याखाली 0.002 मिलिमीटरपर्यंत पोयटा आणि 0.002 मिलिमीटरपेक्षा बारीक ती चिकणमाती. आकडे मुलांच्या डोक्यावरून जातात, म्हणून असं सांगावं : चिकणमातीचा कण मोहरीएवढा केला, तर वाळूचा मोठा कण बाबांपेक्षा उंच होईल.

पण बारीकपणा हा अर्धाच भाग. चिकणमातीचे कण वाळूसारखे गोटीदार नसतात, पातळ पत्र्यांसारखे असतात. इथे दोन जाती वेगळ्या ओळखाव्या लागतात. केओलिनाइट जातीत पत्रे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, मध्ये पाणी शिरत नाही. जांभ्याच्या लाल मातीत ही जात जास्त. स्मेक्टाइट जातीत मात्र पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं. वही भिजल्यावर फुगते तशी ती फुगते आणि वाळली की आक्रसते. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रेगुर मातीत हीच जात असते. उत्तर कोकणातल्या खाडीकाठच्या गाळातही ती बरीच असते, म्हणून तिथे उन्हाळ्यात भेगा पडतात. दोन्ही माती ‘चिकट’, पण स्वभाव वेगळे. एकीवरची भिंत उभी राहते, दुसरीवरच्या भिंतीला तडे जातात.

खालच्या पायरीवर तिसरी गोष्ट येते, मीठ. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता 4 डेसिसीमेन्स प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर ती माती क्षारयुक्त धरतात. मुलांना एवढं कळलं तरी पुरे की भाताच्या रोपाला पाणी समोर असून पिता येत नाही, कारण ते खारट आहे.

वर्गात करता येण्यासारखं

साहित्य काय लागतं? प्लास्टिकच्या पारदर्शक बाटल्या, पट्टी, मीठ आणि तीन पायऱ्यांची माती. माती मोठ्यांनी आणावी. खाडीच्या चिखलात मुलांना नेऊ नये, तिथे भरतीचा आणि रुतण्याचा धोका असतो. मातीत काचा-काटे नाहीत ना ते बघून घ्यावं आणि शेवटी साबणाने हात धुवावेत.

1. पट्टी काढणे. ओली माती मळून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पट्टी पुढे सरकवायची. गोळाच होत नसेल तर वाळू. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयट्याची माती. अडीच ते पाच सेंटिमीटरपर्यंत टिकली तर चिकण पोयटा. पाचच्या पुढे गेली तर चिकणमाती. दुसरीतलं मूलही हे करतं आणि पट्टीने मोजतं.

2. वाळवून मोजणे. बरोबर 10 सेंटिमीटर लांबीची मातीची कांडी करून सावलीत वाळवायची आणि चार दिवसांनी परत मोजायची. लाल मातीची किती आक्रसली, खारीची किती? वजाबाकी, मिलिमीटर, तक्ता, सगळं गणित त्यात येतं.

3. बाटलीतले थर. बाटलीत माती आणि पाणी घालून हलवून ठेवायची. वाळू मिनिटभरात बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगते. एक काळजी घ्या. खारीची माती थेट वापरलीत तर मिठामुळे ती लवकर बसते आणि चिकणमाती कमी आहे असं वाटतं. ती आधी दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

4. खाडीचं रहस्य. दोन बाटल्यांत लाल मातीचं गढूळ पाणी घ्यायचं आणि एकीत चमचाभर मीठ टाकायचं. मिठाच्या बाटलीत कणांचे पुंजके होऊन पाणी आधी निवळू लागतं. आपल्या आया पावसाळ्यात पाण्यात तुरटी फिरवायच्या, तशीच ही किमया. नदीचं गढूळ पाणी खाडीत खाऱ्या पाण्याला मिळतं तेव्हा हेच होतं, म्हणून गाळ तिथे बसतो आणि खार तयार होते. हे मुलांना सांगावं लागत नाही, बाटली बघून तीच बोलतात.

वर्गीकरण म्हणजे पाठांतर नव्हे

‘मातीचे प्रकार किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि हेच मुलांना शिकवण्यासारखं आहे. शेतकरी विचारतो, इथे काय पिकेल? त्याचे प्रकार खार, मळा, वरकस. मृदाशास्त्रज्ञ विचारतो, ही माती कशी तयार झाली? नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे. तिथले शास्त्रज्ञ थर खोदून, खनिजं तपासून गट पाडतात. इंजिनिअर विचारतो, ही माती भार घेईल का? तो किती टक्के पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते ते मोजतो. भारतीय मानकानुसार ही मर्यादा 35 च्या आत, 35 ते 50 आणि 50 च्या वर असे चिकणमातीचे तीन गट होतात. मूर्तिकाराला काहीच मोजावं लागत नाही, त्याचा हातच सांगतो की शाडू तयार आहे की नाही.

माती एकच, प्रश्न चार, म्हणून वर्गीकरणं चार. चौथी-पाचवीच्या मुलाला हे कळलं तर तो पुढे प्राणी, वनस्पती, शब्दांच्या जाती, काहीही शिकताना ‘गट का पाडले?’ असं विचारेल. माझ्या मते मातीच्या धड्यातून मिळणारं हे सगळ्यात मोठं शिक्षण आहे.

पणाला काय लागलंय?

खाडीकाठच्या गावांत ‘खार’ हा शब्द हळूहळू ‘खराब’ या अर्थाने वापरला जातोय. घरात मोठी माणसं म्हणतात, ‘ती काय, खारीची जमीन, पडीकच.’ मुलं ऐकतात. उद्या त्यावर मुरूम टाकून प्लॉट पाडले तर त्यांना काही गेल्यासारखं वाटणार नाही.

खरं तर खार ही पडीक नाही, कष्टाने कमावलेली जमीन आहे. समुद्राचं पाणी अडवायला लोकांनी बांध घातले, त्यात उघाड्या बसवल्या. भरती आली की उघाडीची झडप पाण्याच्या दाबाने बंद होते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघालं की मोड आलेलं बी फोकतात, त्याला रहू म्हणतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. गोव्याच्या खाजणात कोरगुट भात पिकतो. पेण-अलिबागकडे खारीतल्या तळ्यांत जिताडा वाढतो. 1979 मध्ये महाराष्ट्रात खारजमीन विकासाचा स्वतंत्र कायदा झाला, तो या जमिनीला मोल आहे म्हणूनच. उधाणाने बांधाला एक खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, तर खारं पाणी आत शिरतं आणि ती जमीन पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात. बांध टिकवायचा असेल तर तो कशासाठी आहे हे पुढच्या पिढीला माहीत असायला हवं. ते आपण शिकवणार नाही तर कोण?

‘पण वेळ कुठे आहे?’

शिक्षक मित्र म्हणतील, अभ्यासक्रम संपत नाही, ऑनलाइन माहिती भरायची असते, त्यात हे कधी करायचं? मान्य आहे. पण वरचे चारही प्रयोग दोन तासिकांत बसतात. त्यातून परिसर अभ्यास, गणितातलं मापन आणि निरीक्षण लिहिताना भाषा, असं तिन्हींचं काम होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 अनुभवातून शिकण्याबद्दल बोलतं, त्याला लागणारा सगळ्यात स्वस्त अनुभव आपल्या पायाखाली आहे.

पालकांची तक्रार असते की कपडे मळतात आणि मुलं घरी येऊन ‘आज माती खेळलो’ सांगतात. पालकांना माझी विनंती एवढीच, की त्या दिवशी ‘किती सेंटिमीटरची पट्टी निघाली रे तुझी?’ असं विचारा. आणि आजी-आजोबांना सांगा, आपल्या गावातल्या शेतांची नावं मुलांना सांगा. ती नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत.

परीक्षेत ‘जांभी मृदा’च लिहू दे, गुण जाऊ नयेत. पण त्या उत्तरापुढे ‘आणि माझ्या गावात…’ असं एक वाक्य प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने तपासून लिहिता यावं. येत्या पावसाळ्याआधी आपापल्या गावाच्या तीन पायऱ्यांवरची माती तीन बाटल्यांत भरून, नावं लिहून वर्गात ठेवूया. कोकणाबाहेरच्या शिक्षकांनी माळावरची, मळ्यातली आणि नदीकाठची माती घ्यावी. सुरुवातीला एवढं पुरे.