मागाला तेल, माणसाला काय?

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली बसविला. पुढे या गावास महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणण्याचा प्रघात पडला आणि कोल्हापूर जिल्ह्यास त्याचा सार्थ अभिमान वाटू लागला. या वैभवाचे माप आपण मीटरांत घेतो. ते मीटर विणणाऱ्या माणसाच्या प्रकृतीचे माप मात्र कोणी घेत नाही.

कामगारास मजुरी विणलेल्या कापडावर मिळते, तेव्हा बारा तासांची पाळी त्याच्याच हिताची, असा युक्तिवाद केला जातो. तो वरवर बिनतोड दिसतो. पण पाळीच्या अखेरीस डोळा चुकतो, तुटलेला धागा वेळेवर दिसत नाही आणि दोष कापडात उतरतो. सुताची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेलेला विणकर खाडे करू लागतो. त्याचा खाडा म्हणजे बंद पडलेला माग. हा तोटा कोणत्या वहीत लिहिला जातो?

इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात विणकरांना कानांत घालावयास आवाजरोधक बोळे देऊन प्रयोग करण्यात आले. माग तेच, माणसेही तीच. तरीही उत्पादन वाढले! गोंगाटाशी झुंजण्यात खर्ची पडणारी शक्ती कामाकडे वळली, एवढाच त्याचा अर्थ.

खर्चीवाल्या मागधारकाची अडचण आम्ही जाणतो. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. याच्या पदरी केवळ विणाईची मजुरी, आणि तीतून विजेचे देयक भागवायचे. म्हणूनच हा भार त्याच्या एकट्यावर टाकणे अन्यायाचे होईल. विणाईचा दर ठरविताना व्यापाऱ्याने कामगाराच्या आरोग्याचा खर्च त्यात धरला पाहिजे. सरकारनेही वीजदरातील सवलतीबरोबर मोकळी हवा, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय आणि माफक कामाचे तास यांची अट घालावी व ती पाळली जाते की नाही हे पाहावे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांस १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीमुळे गिरण्या बुडाल्या नाहीत. मागास तेल घालणे हा कोणी उपकार समजत नाही. माणसास विसावा देणे तरी उपकार का समजावा?