डोंगरातील बिनतारी संच : शक्ती की स्थान?

दरवर्षी उन्हाळ्यात मुंबई-पुण्याकडील कितीतरी तरुण मोटारसायकलींवरून मनाली-लेह मार्गाने लडाख गाठतात. त्यांतील काहींना डांबरी रस्ता सोडून नाले, वाळू आणि दगडगोटे यांतून वाट काढण्यातच प्रवासाचे सार्थक वाटते. या मुलुखात अनेक टप्प्यांवर भ्रमणध्वनी मुका होतो. साहजिकच वॉकी-टॉकी ही चैन न राहता गरज ठरते. मात्र ती निवडताना बहुतेकांची नजर खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आणि किलोमीटरच्या आकड्यांवर खिळते. फसगतीला आरंभ होतो तो तेथेच.

या संचांच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मोकळ्या सपाटीवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाचे बिनतारी क्षितिज सुमारे ५ किलोमीटर असते. तोच संच १०० मीटर उंच कड्यावर नेला, तर ते सुमारे ४० किलोमीटरवर जाते. उलटपक्षी, मोकळ्या जागेतसुद्धा शक्ती चौपट केली तरी पल्ला फार तर दुप्पट होतो. मध्ये डोंगराची सोंड आली, तर ही वाढीव शक्तीही बहुधा वाया जाते. मोरे पठारावर उत्तम चालणारा संच गाटा लूप्सच्या २१ वळणांत अवघ्या एका सोंडेआड बंद पडल्यासारखा होतो. दोष यंत्राचा नसतो. त्याच्या जागेचा असतो.

तेव्हा प्रश्न केवळ खरेदीचा नाही, शिस्तीचा आहे. वळणावळणाच्या चढावर एकाने माथ्यावर थांबून खालच्यांचा निरोप पुढे पोचवावा. ठरल्या वेळी प्रत्येकाने हजेरी द्यावी. उत्तर आले नाही तर पुढच्यांनी थांबावे. हातमोजे न काढता दाबता येईल असे बटण, शिरस्त्राणात बसणारा ध्वनिग्राहक, पाण्याला दाद न देणारे कवच आणि थंडीत अंगरख्याच्या आत जपलेली जादा बॅटरी, या गोष्टी चार वॉटांपेक्षा अधिक मोलाच्या आहेत.

दुसरा प्रश्न कायद्याचा. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मान्यताप्राप्त, अल्पशक्तीचे संच परवान्याविना वापरता येतात. हौशी बिनतारी चालकांच्या लहरी वापरायच्या, तर परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. उपग्रह दूरध्वनी तर विनापरवाना बाळगणे हाच गुन्हा. असे असूनही कोणत्याही लहरीवर बोलू शकणारे संच बाजारात सर्रास विकले गेले. अखेर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या.

यावर कोणी म्हणेल, जीव धोक्यात असताना कायदा कसला पाहायचा? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण पोलीस, सैन्य आणि बचावपथके याच आकाशाचा वापर करतात. एकाच्या बेफिकीर बडबडीने दुसऱ्याची आर्त हाक बुडू शकते. सीमाभागात तर असा संच संशयालाही कारण होतो.

अर्थात केवळ बंदीने शासनाचे कर्तव्य संपत नाही. कोणता संच वैध आणि कोणता नव्हे, हे ग्राहकाला खोक्यावरच साध्या मराठी-हिंदीत वाचता आले पाहिजे. दुर्गम खिंडींत संदेश पुढे पाठविणारी केंद्रे आणि संकटकाळासाठी सर्वांना ठाऊक असा एक मार्ग राखून ठेवणे, हेही अशक्य नाही. तोवर स्वारांनी एवढे ध्यानात ठेवावे : डोंगरात हाक ऐकू जाते ती मोठ्या आवाजाने नव्हे, तर योग्य जागी उभ्या असलेल्या सोबत्यामुळे.