सुपरमॅनला आलेलं पत्र

आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे पुढे कुणी ‘आजी उगाच चिडल्या’ म्हणायला नको. १९८७ साली आलेला ‘सुपरमॅन’चा चौथा भाग फसला, यावर सगळ्यांचं एकमत आहे. माझंही आहे. पण तो का फसला याचं जे कारण सगळे सांगतात, ते मला साफ नामंजूर आहे. म्हणे, पैसे कमी पडले!

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत नातवाने ओळीने चारही भाग लावले आणि मी शेजारी भाजी निवडत बसले होते. पहिल्या भागात (१९७८) ख्रिस्तोफर रीव्ह आकाशात झेपावला तेव्हा गवार तशीच हातात राहिली. चौथ्या भागापर्यंत आम्ही दोघंही जांभया देत होतो. माझी अमेरिकेतली भाची फोनवर म्हणाली, “मावशी, त्यांना बजेटच नव्हतं गं, काय करणार बिचारे!”

भाचीचं म्हणणं खोटं नाही. पहिल्या भागावर साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला होता. चौथा भाग ‘कॅनन’ कंपनीकडे गेला. तिथे ठरलेले साडेतीन कोटींच्या वरचे पैसे कापून जेमतेम एक कोटी सत्तर लाखांवर आणले. न्यूयॉर्कमधलं संयुक्त राष्ट्रसंघाचं मुख्यालय दाखवायचं, तर इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावाच्या रेल्वे स्टेशनपुढे चित्रीकरण उरकलं. उडण्याची दृश्यं तीच तीच वापरली. सुपरमॅन नुसत्या नजरेने चीनची पडलेली भिंत बांधतो, आणि एक बाई अवकाशात नेली तरी आरामात श्वास घेते! वर तयार सिनेमातला सुमारे पाऊण तासाचा भाग कापून टाकला.

हे सगळं खरं. पण मंडळी, यामुळे सिनेमा वाईट होत नाही. मी तीस-बत्तीस वर्षं शाळेतली स्नेहसंमेलनं बसवली आहेत. आमचा हनुमान बाकावरून उडी मारून समुद्र ओलांडायचा, शेपटीत कापूस भरलेला दिसायचा, आणि तरी पहिल्या रांगेतली पोरं श्वास रोखून बघायची. आपल्याकडच्या दशावतारात एका पडद्यावर आणि बाकड्यावर स्वर्ग, पाताळ, राजसभा सगळं भागतं. प्रेक्षक तारा माफ करतो, रंगवलेला पडदा माफ करतो. त्याला एकच गोष्ट माफ होत नाही. तुम्ही स्वतःच काढलेला विषय टाळून पळालात, तर तो कधीच विसरत नाही.

आणि या सिनेमाने नेमकं तेच केलं आहे.

गोष्टीचा आरंभ आठवा. शाळेचा वर्ग आहे, शस्त्रस्पर्धेची चर्चा चालली आहे, आणि जेरेमी नावाचा एक मुलगा ठरवतो की आपण सुपरमॅनलाच पत्र लिहायचं. तुझ्या अंगात एवढी ताकद आहे, तर तू जगातली सगळी अण्वस्त्रं नाहीशी का करत नाहीस? काय प्रश्न आहे हो! १९३८ पासून सुपरमॅनच्या गोष्टी येताहेत. तो पूर अडवतो, विमानं झेलतो, चोर पकडतो. मग सगळ्यात मोठ्या संकटापुढे तो हात बांधून का उभा? हा प्रश्न लहान मुलालाच सुचतो. मोठ्यांना विचारायची लाज वाटते.

आता याचं उत्तर सिनेमा काय देतो? सुपरमॅनला त्याच्या ग्रहाचे वडीलधारे बजावतात की माणसांच्या कारभारात हात घालू नकोस. तो थोडा वेळ विचारात पडतो. मग त्या मुलाला घेऊन राष्ट्रसंघात जातो आणि जाहीर करतो की मी सगळी अण्वस्त्रं नष्ट करणार. सगळ्या देशांचे प्रतिनिधी टाळ्या वाजवतात. एकही जण ‘नाही’ म्हणत नाही! मग अवकाशात भलंमोठं जाळं, त्यात क्षेपणास्त्रं, आणि जाळं सूर्यात. झालं.

अहो, वर्गात गोट्या जप्त करायच्या म्हटलं तरी सगळी पोरं निमूटपणे देत नाहीत. दोन देतात, चार मोज्यात लपवतात, आणि एक जण विचारतो, “बाई, त्याच्याकडून आधी घ्या ना!” एवढं जे प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेला ठाऊक आहे, ते सिनेमावाल्यांना ठाऊक नसावं? खरी गोष्ट तर इथून सुरू व्हायला हवी होती. आधी कोण देणार? लपवलेली कोण मोजणार? एकट्या बलवानाला हा अधिकार दिला कुणी? पण सिनेमा इथेच पाठ फिरवतो. लेक्स लूथर सुपरमॅनच्या केसापासून आणि सूर्याच्या उष्णतेपासून एक ‘न्यूक्लिअर मॅन’ घडवतो आणि उरलेला वेळ दोघांची मारामारी. जेरेमीचा प्रश्न राहिला बाजूला.

शेवट तर कहरच. सुपरमॅन त्या न्यूक्लिअर मॅनला अणुवीजकेंद्राच्या भट्टीत टाकतो आणि त्याची वीज होते! चेर्नोबिलची दुर्घटना २६ एप्रिल १९८६ ची. सिनेमा लागला जुलै १९८७ मध्ये. आदल्याच वर्षी जग ज्या भट्टीच्या भीतीने हादरलं होतं, तीच इथे कचरापेटी म्हणून वापरली, आणि कुणाला काही वाटलं नाही.

भाची यावर म्हणणार, “लहान मुलांचा सिनेमा, एवढं काय मनावर घ्यायचं?” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. लहान मुलांचा आहे म्हणूनच मनावर घ्यायचं! भारताच्या पोखरणच्या चाचण्या मे १९९८ मध्ये झाल्या, त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानच्या. जूनमध्ये शाळा उघडली आणि चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं, “बाई, आता दोघांकडे आहे, मग कुणी कुणाला घाबरायचं?” तो प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि दोन तास आम्ही त्यावर बोललो. मुलं भांडली, गप्प झाली, पुन्हा बोलली. अंतिम उत्तर मिळालं नाही, पण प्रश्न कुणी हसण्यावारी नेला नाही. खडूचा एक तुकडा खर्च झाला, बाकी काही नाही. मग मला बजेटचं सांगू नका.

आणि मुलाच्या पत्राला उत्तर देता येतं, हे जगाने सिनेमाच्या आधीच पाहिलं होतं. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या सामंथा स्मिथ या दहा वर्षांच्या मुलीने १९८२ साली सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांना पत्र लिहून युद्धाबद्दल सरळ विचारलं होतं. १९८३ मध्ये त्यांचं उत्तर आलं आणि त्याच वर्षी ती आईवडिलांबरोबर सोव्हिएत संघ पाहून आली. बिचारी १९८५ साली विमान अपघातात गेली. त्या उत्तरामागे राजकारण नव्हतं असं मी म्हणत नाही. पण एका खऱ्याखुऱ्या सत्ताधीशाने मुलीच्या प्रश्नाला जी किंमत दिली, तेवढीही या पडद्यावरच्या देवमाणसाला देता आली नाही.

गंमत पुढेच आहे. सिनेमा लागल्यावर पाच महिन्यांच्या आत, ८ डिसेंबर १९८७ ला रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारावर सह्या केल्या. १९९१ पर्यंत दोन्ही देशांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली. जाळं नाही, लाल झगा नाही. एकमेकांच्या तळांवर तपासनीस गेले, मोजदाद झाली, दोघांनी एकमेकांचं मोज्यातलंही तपासलं. वर्षानुवर्षं चाललेल्या वाटाघाटी, संशय, रुसवे, पुन्हा बोलणी. यात नाट्य कमी होतं का? २०१९ मध्ये तो करार मोडला, ही गोष्टही त्या मुलाला सांगायलाच हवी.

रीव्हबद्दल मला आदर आहे. कथेच्या श्रेयात त्याचं नाव आहे, या विषयाची तळमळ त्याला होती. शेवटच्या भाषणात सुपरमॅन सांगतोही की लोकांनाच शांतता मनापासून हवी असेल तेव्हा ती येईल. अगदी बरोबर! पण मग ते लोक सिनेमाभर कुठे होते? टाळ्या वाजवायला आणि वर बघायला तेवढे होते.

तेव्हा पैशाची सबब पुरे. तारा दिसल्या म्हणून हा सिनेमा पडला नाही. मुलाने विचारलं एक आणि मोठ्यांनी दाखवली कुस्ती, म्हणून तो पडला. घरात आपणही हेच करतो का, ते ज्याचं त्याने बघावं. नातवंडं असे प्रश्न जेवताना, झोपताना, भलत्या वेळी विचारतात. तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवू नका. बंद करा आणि बसा त्यांच्याशी बोलत.