गैरहजेरी आधीच कळू द्या

पर्लमध्ये ‘यूज’ लिहिले की प्रोग्रॅम कंपाइल होत असतानाच मॉड्यूल लोड होते. ‘रिक्वायर’ लिहिले तर ती ओळ प्रत्यक्ष चालेल तेव्हा. प्रोग्रॅम झटपट सुरू व्हावा म्हणून सरसकट ‘रिक्वायर’ वापरण्याची सवय घातक आहे. महिनाअखेरीस चालणाऱ्या एखाद्या फंक्शनात ते असावे आणि नव्या सर्व्हरवर नेमके तेच मॉड्यूल बसवायचे राहून जावे, की महिनाभर सारे आलबेल दिसते. मग ऐन हिशेबाच्या रात्री, अर्ध्या नोंदी डेटाबेसात गेल्यावर, प्रोग्रॅम कोसळतो. ‘यूज’ असते तर तो पहिल्याच दिवशी सुरू झाला नसता. ते अपयश कितीतरी स्वस्त!

शिवाय ‘यूज’ इंपोर्टही तिथल्या तिथे उरकते. त्यामुळे पुढच्या ओळी कंपाइल करताना पर्लला आलेली फंक्शने आणि त्यांचे प्रोटोटाइप ठाऊक असतात. ‘रिक्वायर’नंतर इंपोर्ट केले तरी त्या ओळी तोवर कंपाइल होऊन गेलेल्या असतात. आणि ‘इफ’च्या ब्लॉकमध्ये ‘यूज’ लिहून उपयोग नाही; अट तपासली जाण्याआधीच मॉड्यूल आत आलेले असते.

‘रिक्वायर’ला हक्काची जागा आहे, ती मॉड्यूलचे नाव आधी ठरूच शकत नाही तिथे. टिम बन्स यांच्या डीबीआय या डेटाबेस-जोडणीच्या मॉड्यूलमध्ये मायएसक्यूएल की ओरॅकल हे डेटाबेसशी जोडणी करताना कळते आणि ड्रायव्हर तेव्हाच लोड होतो. हा उशीर रास्तच.

‘मिळाले तर घेऊ, नाही तर सोडू’ या वृत्तीने केलेले ‘रिक्वायर’ मात्र महागात पडले आहे. मॉड्यूल शोधायच्या जागांच्या यादीत पूर्वी शेवटी चालू डिरेक्टरीही असे. ऐच्छिक मॉड्यूल इतरत्र सापडले नाही की पर्ल तिथे पाहायचे. ती डिरेक्टरी सर्वांना लिहिता येण्याजोगी असली तर दुसऱ्याने ठेवलेली फाइल तुमच्या अधिकारांनिशी चालायची. २०१६ साली ही त्रुटी नोंदली गेली आणि २०१७च्या पर्ल ५.२६ने ती जागा यादीतून मुळातच काढून टाकली.

तरीही ऐच्छिक मॉड्यूल हवेच असेल, तर त्रुटी पकडणाऱ्या ‘इव्हॅल’मध्ये ‘रिक्वायर’ गुंडाळून ती त्रुटी गिळू नका. मॉड्यूल नसणे आणि असून मोडके असणे, दोन्हींची शांतता सारखीच असते. त्रुटीचा मजकूर वाचा, फाइल सापडली नाही एवढेच कारण असेल तर पुढे चला, अन्यथा प्रोग्रॅम तिथेच थांबवा.