कपाळावरच्या टिकल्या गेल्या कुठे?

दोस्तांनो, नाकतोड्याच्या डोळ्यांबद्दल आपण मागे बोललो होतो ना? बाजूला दोन मोठे डोळे आणि कपाळावर तीन बारीक टिकल्या, म्हणजेच साधे डोळे. तेव्हापासून भिंगं घेऊन तुम्ही किड्यांना भंडावून सोडलेलं दिसतंय! सहावीतल्या एका मैत्रिणीनं परसातल्या पेरूवरचा काडीकिडा लोणच्याच्या बरणीत ठेवलाय. ती लिहिते, 'याच्या कपाळावर एकही टिकली नाही. एक पायही तुटलाय. दादा म्हणतो, आंधळा आहे, टाकून दे. खरं का?'

छे! बाजूचे दोन डोळे आहेत ना? ते संयुक्त डोळे, कितीतरी इवल्या भिंगांचे. पाहायचं मुख्य काम त्यांचं. टिकलीला भिंग एकच. तिला चित्र धड दिसत नाही. पण उजेड कुठल्या बाजूला, हे झटकन कळतं. उडता उडता नाकतोडा कलंडला, की उजळ आकाश आणि काळपट जमीन तिरकी होते. टिकल्या लगेच खबर देतात आणि स्वारी सरळ होते! तुझ्या पाहुण्याला पंखच नाहीत. तो कलंडणार कधी? पंखवाल्या काही काडीकिड्यांना मात्र टिकल्या असतात.

पाहुणा म्हणतोय खरा, पण ती पाहुणी असायचीही शक्यता आहे. तामिळनाडूतल्या पलनी डोंगरातला एक काडीकिडा जगभरच्या प्रयोगशाळांत पाळतात. त्यात जवळजवळ सगळ्या माद्याच! नराशिवाय अंडी घालतात, तीही बियांसारखी टपाटप खाली टाकून.

आता पायाचं. पाहुणा अजून लहान असेल, तर पुढच्या एकदोन कातींत पाय पुन्हा फुटेल, आधी जरा आखूड. डोळ्यांतली भिंगंही कातीगणिक वाढतात.

पण मला खरी काळजी बरणीची वाटते. कात टाकताना काडीकिडा उलटा लटकतो आणि जुन्या कातडीतून खाली सरकत बाहेर येतो. त्याला स्वतःच्या लांबीच्या निदान तिप्पट उंची लागते. बुटक्या बरणीत तो मध्येच तळाला टेकला, तर नवं मऊ अंग वाकडं होतं, कधी जीवही जातो. तेव्हा उत्तराची वाट बघत बसली असशील, तर आज संध्याकाळीच त्याला त्याच पेरूवर सोड. हातानं ओढू नकोस हं, काडी पुढे धर, आपणहून चढेल.

सकाळी दादाला म्हणावं, शोधून दाखव!