अंधार भाड्याने देणे आहे

तंबूत राहणे ही मराठी माणसाची हौस कधीच नव्हती. राहुटी असायची ती लष्कराची, कनात असायची ती तमाशाची आणि डेरा पडायचा तो दौऱ्यावर निघालेल्या कलेक्टरसाहेबांचा. मेंढपाळ पाल ठोकून राहतो, ऊसतोडणी कामगार कोपी घालून राहतो. पण त्याला हौस म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही. ज्याच्याकडे पक्के घर आहे, त्या घराचे हप्ते अजून फिटायचे आहेत, त्याने शनिवारी रात्री माणशी हजार-पंधराशे मोजून कापडाच्या घरात झोपायला जावे, ही कल्पना आपल्याकडे अगदी अलीकडची. पण रुजली मात्र अशी की, सह्याद्रीतल्या जवळजवळ प्रत्येक धरणाच्या काठावर आता निळ्या-नारिंगी तंबूंच्या रांगा दिसतात. पवना झाले, मुळशी झाले, तापोळ्याचा कोयनाकाठ झाला. आणि या सगळ्यांत उंचावरचे, आडवाटेचे म्हणून ज्याचे अप्रूप, ते अकोले तालुक्यातले भंडारदराही झाले.

उंचीचा उल्लेख केल्यावर हिमालयात जाऊन आलेली मंडळी गालात हसतील. हसू द्यावे. भंडारदऱ्याचा जलाशय समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. लडाखच्या हिशेबात ही उंची म्हणजे तळघरच. पण या पाण्याभोवती जे डोंगर उभे आहेत त्यांत १६४६ मीटरचे कळसूबाई आहे, म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च टोक. रतनगड आहे, अलंग-मदन-कुलंग हे त्रिकूट आहे आणि पश्चिमेला घाटघरला जमीनच संपते. पुढे थेट कोकण. मे महिन्यात नगरच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरच्या, पठारावर माणसे भाजत असताना इथे रात्री पांघरूण लागते. डिसेंबरात तर तंबूचे कापड पहाटे दवाने चिंब झालेले असते. आपल्या मुलखात पाणी, डोंगर आणि गारवा एकत्र मिळण्याच्या जागा थोड्या. त्यामुळे माणसे तिथे जाणार. त्यांनी जाऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रश्न आहे तो, माणसे तिथे नेमके काय घ्यायला जातात, हा. पाणी दिवसाही दिसते. डोंगर एसटीच्या खिडकीतूनही दिसतात. मग मुक्काम कशासाठी? मुक्काम रात्रीसाठी. शहरात जी मिळत नाही अशी काळीशार रात्र, तिच्यातले आकाश, आणि रोहिणी ते मृग या दोन-तीन आठवड्यांत झाडांवर उतरणारे काजवे. तंबूवाला जे विकतो तो तंबू नव्हेच, जेवणही नव्हे. तो अंधार विकतो. या धंद्याचे भांडवल ते. आणि गंमत अशी की, भांडवल सर्वांत आधी खाल्ले जाते ते इथेच.

काजव्यांचे झाड ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. रतनवाडी, घाटघर, साम्रद, पांजरे, मुरशेत या वाड्यांच्या परिसरात सादडा, हिरडा, बेहडा, उंबर अशी जुनी झाडे आहेत. पावसाच्या तोंडाशी, हवा दमट झाली की त्यांतल्या ठरावीक झाडांवर काजवे जमतात. दहा-वीस नव्हेत, मोजता येणार नाहीत इतके. सुरुवातीला ज्याची-त्याची लुकलुक स्वतंत्र असते. मग कुठून तरी एक ताल सापडतो आणि सगळे झाड एकदम उजळते, एकदम विझते. शेजारचे झाड त्याला जाब दिल्यासारखे उजळते. आवाज काही नाही. आम्ही रतनवाडीच्या रस्त्यावर असे एक झाड पाहत उभे होतो तेव्हा आमच्यातला सर्वांत बडबड्या गृहस्थही दहा मिनिटे गप्प होता. मग मागून एक जीप आली, तिने वर बसवलेले पांढरे दिवे लावले आणि झाड विझले. जीप गेल्यावर बराच वेळ ते पुन्हा लागले नाही.

हे विझणे म्हणजे काजव्याचा रुसवा नव्हे. काजवा हा भुंग्याच्या कुळातला कीटक. त्याचा प्रकाश हे नराचे मादीला आणि मादीचे नराला दिलेले उत्तर असते. पोटातल्या एका द्रव्याशी प्राणवायूचा संयोग होऊन हा जवळजवळ उष्णता नसलेला उजेड पडतो, हे शाळेत शिकवतात. शाळेत शिकवत नाहीत ते असे की, प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचे, कधी त्याहूनही कमी. त्याआधीचे बरेच महिने तो अळी होऊन ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी नि गांडुळे खात काढतो. म्हणजे जो उत्सव आपण पाहतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा आणि एकुलता एक कामाचा काळ. त्या काळात हॅलोजन, मोबाइलची बॅटरी, गाडीचे हेडलाइट यांच्या झगमगाटात नराची खूण मादीला दिसली नाही, तर पुढच्या वर्षीची अंडी पडत नाहीत. आणि पडली तरी ती जमिनीत पडतात. नेमक्या त्याच जमिनीत, जिथे झाडाखाली उभे राहून फोटो काढण्यासाठी शेकडो पावले उमटतात. पुढच्या वर्षीचे काजवे आपण बुटाखाली घेऊन या वर्षीचे पाहत असतो.

आता काठावरचा एखादा शनिवार पाहा. तंबूंच्या रांगेवरून पिवळ्या दिव्यांच्या माळा सोडलेल्या. त्या का, तर फोटो चांगले येतात. मध्ये जनरेटर धडधडतोय, त्यावर ध्वनिक्षेपक चालतोय, त्यावर कोणीतरी गातोय. बार्बेक्यूचा धूर. ‘अनलिमिटेड’ जेवणाच्या थाळ्या, आणि त्या अनलिमिटेडपैकी निम्मे कचऱ्यात. ज्या तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, त्या तालुक्यात पाहुण्याच्या ताटात पनीर असते. नागलीची भाकरी नि काळभात मागावा लागतो. हे सारे आटोपेपर्यंत मध्यरात्र होते. मग कोणीतरी म्हणतो, ‘अरे, तारे बघायचे राहिले!’ माळा मात्र रात्रभर तशाच लुकलुकत राहतात, रात्री वाटेत कोणी अडखळू नये म्हणून.

एक साधी गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही, आणि ती त्यांना कोणी सांगतही नाही. मेमध्ये पाणी खाली गेल्यावर काठाला जी उघडी, मऊ उताराची जमीन दिसते आणि तंबूला सोयीची वाटते, ती जमीन कधीकाळी कोणाचे तरी भातखाचर होती. प्रवरेवरचे हे दगडी धरण बांधायला १९१० च्या सुमारास सुरुवात झाली आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाला नाव विल्सनचे, जलाशयाला आर्थरचे. खाचरे ज्यांची गेली त्या महादेव कोळी, ठाकर मंडळींची नावे अर्थातच कशालाही मिळाली नाहीत. याच डोंगरातल्या देवगावचा राघोजी भांगरे सावकार आणि कंपनी सरकार या दोघांविरुद्ध लढला, त्याला १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. तो इतिहास इथल्या लहान मुलांना पाठ असतो. तंबूत येणाऱ्यांना रतनगडाच्या नेढ्याची उंची पाठ असते.

धरणात साधारण ११ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातून खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरचा ऊस उभा राहिला, १९५० साली सहकारी साखर कारखानदारीने जिथे मूळ धरले तो प्रवराकाठ भिजला. आणि ज्या घाटघर-रतनवाडीवर पाऊस कोसळतो, काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्याही पुढे, तिथल्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन झऱ्याच्या डबक्यापाशी रांगेत बसतात. सगळे पाणी कातळावरून धावत खाली जाते. जमिनीत मुरत नाही. अशा मे महिन्यात तंबूच्या आवारातल्या न्हाणीघरांसाठी टँकर येतो तेव्हा गावकऱ्यांना काय वाटत असेल, हे त्यांना विचारायचीही गरज नाही. त्याच न्हाणीघरांचे सांडपाणी उतारावरून कुठे जाते, तेही विचारू नये. खालच्या गावांच्या नळाला ते पाणी येते.

हे वाचून कोणी ‘बंद करा हे सगळे’ म्हणेल. मला ते मान्य नाही. तंबू आले तेव्हापासून या वाड्यांतल्या काही पोरांना भात कापून झाल्यावर नारायणगावच्या मजूरबाजारात जाऊन उभे राहावे लागत नाही. ‘जगायला जाणे’ असा शब्द आहे तिकडे. मजुरीसाठी गाव सोडण्याला जगायला जाणे म्हणतात. गावात राहूनच जगता येत असेल, पाहुण्याला रतनगड दाखवून, भाकरी करून घालून, सांदण दरीत दोर लावून, तर त्याच्या आड येण्याचा शहरी निसर्गप्रेमींना काडीचा हक्क नाही. तसेही जुन्या गिर्यारोहकांचा ‘आमच्या वेळी नव्हते हो असले’ हा सूर मला पटत नाही. त्यांच्या वेळी गडावरच्या गुहांच्या भिंतींवर बदामात बाण मारून नावे कोरली गेली, ती अजून आहेत. अमृतेश्वराच्या देखण्या मंदिराच्या आसपास स्टोव्ह पेटवून खिचडी शिजवणारेही तेच होते. फरक एवढाच की, तेव्हा माणसे पन्नास होती आणि आता पाच हजार. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा खुला झाला. मुंबईहून येणाऱ्याचा कसारा घाट सुटला. संख्या वाढणारच.

बंदी नको, तर मग काय? कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झाले. काजव्यांच्या दिवसांत वनखाते नाक्यावर गाड्या अडवते, शुल्क घेते, वेळेची मर्यादा घालते. ते योग्यच आहे. पण वनरक्षक मूठभर आणि गाड्या हजार; शिवाय खाजगी शेतातल्या दिव्यांच्या माळेवर त्याचा हात पोचत नाही. हात पोचतो तो गावाचा. अकोले तालुक्याचा हा डोंगरी भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालचे राज्याचे २०१४ चे नियम यांनी ग्रामसभेला आपल्या शिवारातल्या साधनसंपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत कलमे आहेत. ती आहेत म्हणूनच काठावरच्या पुष्कळ जमिनी अजून मूळ माणसांच्या नावावर तरी आहेत. नावावर तरी, असे म्हणायचे कारण, सातबारा एकाचा आणि पाटी दुसऱ्याची अशी व्यवस्था करण्यात आपण फार पूर्वीपासून वाकबगार आहोत. शहरातला भागीदार नोंदणी घेतो, पैसे घेतो. जमीनवाला रात्री जनरेटर बघतो.

ग्रामसभेने तंबूंची संख्या ठरवावी. रात्री नऊनंतर ध्वनिक्षेपक नाही, दहानंतर बाहेरचा दिवा नाही, असल्यास गुडघ्याच्या खाली आणि तांबडा. काजव्यांच्या झाडाभोवती दोर, आणि दोराबाहेर उभे राहायला गावातला वाटाड्या. त्याची मजुरी पाहुण्याच्या पावतीतच धरलेली. कचरा ज्याचा त्याने परत न्यायचा, अनामत ठेवून. यात अवघड काय आहे? धंदेवाले म्हणतील, गिऱ्हाईक येणार नाही. हे अर्धे खरे आहे: नाचायला येणारे गिऱ्हाईक येणार नाही. ते पवनेला जाईल, लोणावळ्याला जाईल. त्याच्या सोयीच्या जागा महाराष्ट्रात उदंड आहेत. काजव्यांचे झाड मात्र लोणावळ्यातल्या हॉटेलच्या गच्चीवर लावता येत नाही.

आणखी एक, जे तंबू ठोकणाऱ्याने आधी सांगायला हवे आणि सांगितले जात नाही. काजव्यांचा हंगाम आणि वळवाचा हंगाम एकच. दुपारपर्यंत निरभ्र असलेले आकाश चार वाजता कळसूबाईमागून काळे होते, आणि पाण्यावरून जो वारा येतो तो खुंट्यांसकट तंबू उचलतो. उघड्या काठावर विजेपासून आडोसा नाही. पाणी उतरलेल्या काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत जातो. गावातला माणूस तिथे तंबू कधीच ठोकणार नाही, आणि त्यामुळेच तंबू कुठे ठोकायचा हे त्याला विचारणे शहाणपणाचे.

१० डिसेंबर २०२६ ला धरणाला शंभर वर्षे पूर्ण होतात. भिंतीवर रोषणाई करावी, लेझर सोडावेत, हे कोणाला ना कोणाला सुचलेच असेल. पंचांगात पाहिले तर अमावास्या आदल्याच दिवशी आहे. दहा तारखेला चंद्राची बारीकशी कोर संध्याकाळीच मावळेल. काजवे त्या महिन्यात नसतात, ते मातीत असतात. पण शेंडीपासून घाटघरपर्यंत काठावरचे सगळे दिवे त्या रात्री तासभर मालवले, तर जलाशयात तारे उतरलेले दिसतील. खर्च काहीच नाही, वीजबिल उलट कमीच येईल.